आतून भिजलेले भावोजी

रेनकोटच्या दुकानात सगळे त्यांना भावोजी म्हणत. खरं तर ते एकट्या मालकाचेच भावोजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण मालक दिवसभर "भावोजी, तो निळा दाखवा", "भावोजी, मोठं माप काढा" असं ओरडत असल्यामुळे आधी काउंटरवरच्या मुली तसं म्हणू लागल्या, मग माल आणणारे हमाल, आणि शेवटी गिऱ्हाइकंसुद्धा. सत्तरीच्या आजीबाई त्यांना भावोजी म्हणत आणि त्यांच्या नातीही. एवढ्या लोकांचा भावोजी व्हायचं म्हणजे अंगात सोशिकपणा लागतो. तो त्यांच्यात होता. शिवाय आवाज होता.

हा आवाज आधी बस डेपोत नोकरीला होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे भावोजी असं काही सांगत, की ज्यांना कुठेच जायचं नसे तेही पिशवी उचलून उभे राहत. पुढे डेपोने रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज आणला. तो कधी खोकत नसे आणि रजाही मागत नसे. भावोजी घरी बसले. घरी बसल्यावर तो आवाज दिवसभर बायकोच्या कानात पडू लागला, तेव्हा तिने भावाला गाठलं आणि सांगितलं, "यांना तुझ्या दुकानात घे, नाहीतर मला घे."

मेहुण्याने त्यांना घेतलं. त्याला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही, निदान ही गोष्ट घडेपर्यंत तरी नाही.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. वर्षातले बरेच महिने झिमझिम चालू. कुणी कामासाठी डोंगर चढे, कुणी हौसेने, कुणी डॉक्टरने सांगितलं म्हणून. तेव्हा जॅकेटांना गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता आणि ती विकायला भावोजींसारखा दुसरा माणूस नव्हता. "हा कपडा नाही, हा पहारेकरी आहे," ते सुरुवात करत. "बाहेरच्या पाण्याला आत सोडत नाही आणि आतल्या वाफेला अडवत नाही. आत उरता फक्त तुम्ही." मग ते वाफाळत्या चहाचा कप मागवत, त्यावर जॅकेटची बाही ताणून धरत आणि वर थंडगार काचेचा ग्लास उपडा ठेवत. थोड्याच वेळात ग्लास आतून धुरकट होई. कापडातून वाफ वर आलेली सगळ्यांना दिसे. गिऱ्हाईक 'वा!' म्हणे. भावोजी चहा पिऊन टाकत आणि पावती फाडत.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. भावोजींच्या चाळीपासून बसथांब्यापर्यंत वर छप्पर होतं. बस दुकानाच्या दारात थांबे. मधल्या दोन पावलांसाठी ते छत्री उघडत. इतकी वर्षं वॉटरप्रूफ माल विकत आलेल्या या माणसाच्या अंगावर पावसाचा थेंब पडलेला कुणी पाहिला नव्हता. आणि डोंगर म्हणाल तर तो त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिला होता, तोही उतरत्या बाजूचा.

एका सकाळी दुकान उघडून भावोजी टेकतात न टेकतात तोच सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या हेडनर्स. निम्म्या गावाला त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं असल्यामुळे त्या समोर आल्या की भलीभली माणसं नकळत कुशीवर वळायच्या बेतात येत. रोज सकाळी त्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जात. अंगातलं हिरवं जॅकेट त्यांनी भावोजींकडूनच नेलं होतं. ते त्यांनी काढून काउंटरवर आपटलं.

"हे गळतं."

"सिस्टर, शक्यच नाही."

"आत हात घाला."

भावोजींनी घातला. पाठीचं अस्तर ओलंचिंब. पण भावोजी डगमगले नाहीत. त्यांनी जॅकेट बेसिनपाशी नेलं, पोत्यासारखं धरलं आणि त्यात तांब्याने पाणी ओतलं. पाणी आत डचमळत राहिलं, खाली एक थेंब पडला नाही. काउंटरवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत?" भावोजी म्हणाले.

"बघितलं. मग आतलं पाणी कोणाचं?"

भावोजींनी आवाज खाली आणला. डेपोत गाडी रद्द झाल्याचं सांगताना ते असाच आणत. "सिस्टर, ते... आपलंच."

"आपलं म्हणजे?"

"म्हणजे घाम."

सिस्टरांनी कमरेवर हात ठेवले. "आयुष्यभर मी लोकांचे घाम पुसले. मला घामाची लाज नाही. पण वाफ बाहेर जाते म्हणाला होतात. मग माझीच काय म्हणून आत मुक्कामाला राहिली?"

"काखेतल्या झिपा उघडल्या होत्यात का?"

"उघडल्या. वारा सुटला की तिथून पाऊस आत येतो. मिटल्या, तर मी आत शिजते. आता तुम्ही सांगा, चढावर तुम्ही त्या कधी उघडता आणि कधी मिटता?"

"मी?" भावोजी म्हणाले. "मी... प्रसंग पाहून."

"कुठल्या चढावर?"

काउंटरवरच्या एका मुलीला अचानक खोकला आला. भावोजींनी छताकडे पाहिलं. सिस्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू थर्मामीटर लावून आकडा वाचताहेत.

"तुम्ही कधी चढलाच नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी नाक्यावर या. जॅकेट घालून."

आतल्या खोलीतून मालक सगळं ऐकत होता. तो पडदा सारून बाहेर आला तो हसू दाबतच. "जा की भावोजी. गिऱ्हाइकाचं समाधान झालंच पाहिजे."

दुकानात भावोजी मेहुण्याला मालक म्हणत. घरी अरेतुरे करत. त्या क्षणी आपण घरी असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटलं.

संध्याकाळी बायकोला त्यांनी सहज सांगितल्यासारखं करून सांगितलं, "अगं, उद्या जरा टेकडीवर जाऊन येतो."

"कोणाच्या पाठीवर बसून?" ती म्हणाली. पण मग तिला दया आली आणि तिने कपाट उघडलं. गारठा बाधू नये म्हणून आधी गंजी, त्यावर जाड सुती शर्ट, त्यावर स्वेटर, गळ्याला मफलर. वरून जॅकेट, दुकानातलं सगळ्यांत भारी. ते मालकाने काचेतल्या पुतळ्याच्या अंगावरून उतरवून दिलं होतं. डाग पाडायचा नाही आणि लेबल तोडायचं नाही, या अटीवर. लेबल भावोजींनी बाहीत सरकवलं. ते वाटभर मनगटाला टोचत राहिलं.

सकाळी पाऊस बारीक पण चिकाटीचा होता. सिस्टर नाक्यावर उभ्या. अंगात पातळ लोकरी बनियन, वरचं जॅकेट पोटापर्यंत उघडं, मनगटं मोकळी. कुडकुडत होत्या.

"तुम्हाला थंडी वाजतेय," भावोजी म्हणाले.

"वाजू दे. निघताना वाजलीच पाहिजे. चढ लागला की जाते. आणि तुम्ही हे काय, गाठोडं बांधून आलात?"

"सुरक्षित असलेलं बरं," म्हणत भावोजींनी झिप हनुवटीपर्यंत ओढली, टोपडं चढवलं आणि दोरी आवळली. आता त्यांचे फक्त डोळे, नाक आणि आवाज बाहेर होता. तो आवाज पहिल्या वळणापर्यंत चालला. कापडाच्या पोटात एक पापुद्रा असतो, त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, पाण्याच्या थेंबाला ती अपुरी पण वाफेला पुरेशी, असं सगळं त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. दुसऱ्या वळणावर वाक्यं तोकडी झाली. पुढे फक्त "हो" आणि "नाही" उरलं. त्याच्याही पुढे मान हलू लागली.

कपाळावरून काहीतरी ओघळून डोळ्यांत गेलं. भावोजींना वाटलं, पाऊस. जिभेला लागलं तेव्हा खारट लागलं. शर्ट पाठीला चिकटला, स्वेटर शर्टाला. आत कुणीतरी आंघोळीचं पाणी तापत ठेवलंय आणि आपल्याला त्यात उभं केलंय, असं त्यांना वाटू लागलं. ते थांबले आणि त्यांनी गळ्याची झिप खाली ओढली. तिथून पांढरी वाफ भसकन बाहेर आली. त्यांचा चष्मा धुरकटला.

"ग्लासाची गरज नाही हो तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या. "चष्म्यावरच दाखवता येतं. काखेतल्या उघडा."

सांगणं सोपं होतं. दुकानात ही झिप भावोजी पुतळ्याच्या अंगावर एका बोटाने उघडत. स्वतःच्या काखेत हात पोचेना. एक हात वर करून दुसऱ्या हाताने ते झिप शोधू लागले, ती पुढे सरके, तेही तिच्या मागे वळत. त्यांनी जागच्या जागी पूर्ण गोल घेतला. शेजारून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उतरत होता. कुत्रं थांबलं आणि आस्थेने बघू लागलं.

"हात वर," सिस्टर म्हणाल्या. भावोजींनी लगेच दोन्ही वर केले. सिस्टरांनी सरळ एकीकडून एक, दुसरीकडून दुसरी झिप सर्रकन उघडली. त्याच वेळी खालून वारा आला. तो एका काखेतून शिरला, ओल्या पाठीवरून फिरला आणि दुसऱ्या काखेतून निघून गेला.

भावोजी हात वर करून तसेच उभे राहिले.

"दुखतंय का कुठे?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. "सिस्टर, हे... हे फार छान आहे हो. हे मी इतकी वर्षं विकतोय."

"मग विकताना असं तोंड करत जा," सिस्टर म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

पुढचा चढ भावोजींनी झिपांशी खेळत काढला. पाऊस वाढला की मिटायच्या, कमी झाला की उघडायच्या. वाऱ्याकडे अंगाची डावी बाजू असेल तर डावी मिटून उजवी उघडी ठेवायची, हे सिस्टरांनाही सुचलं नव्हतं. त्यांनी ते लगेच उचललं, फक्त शाबासकी दिली नाही.

टाकीपाशी मात्र भावोजींचं सगळं शहाणपण संपलं. वर वारा मोकळा होता. चालणं थांबलं तसं अंग निवलं आणि पाण्याने जड झालेला सुती शर्ट पाठीवर बर्फाच्या लादीसारखा बसला. दात वाजू लागले. सिस्टरांनी त्यांना टाकीच्या आडोशाला उभं केलं आणि पाठ फिरवली. "काढा सगळं. सुती कपडा पाणी सोडत नाही. पिशवीत माझी सुकी बनियन आहे, ती घाला."

"सिस्टर, ती बायकांची आहे."

"न्यूमोनियालाही बाई-पुरुष कळत नाही."

ती बनियन गुलाबी होती, गळ्याला लेसची पट्टी होती, आणि भावोजींच्या पोटाशी ती संपत होती. त्यावर पुतळ्याचं जॅकेट चढवून ते खाली आले. दुकानात शिरताना जॅकेट परत करणं भाग होतं, तेव्हा ते काढावं लागलं. त्या दिवशी दुकानात जो हशा पिकला तो शेजारच्या चपलांच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. मालक तर गल्ल्यावर डोकं टेकून हसला. भावोजी हसले नाहीत. ते कसल्या तरी विचारात होते.

तो विचार दुपारी बाहेर पडला. नवं लग्न झालेलं एक जोडपं आलं. मुलाने विचारलं, "डोंगरावर हे घातलं की भिजणार नाही ना?"

"भिजाल," भावोजी म्हणाले.

आतल्या पडद्यामागे कपबशी आपटल्याचा आवाज झाला.

"पावसाने नाही, स्वतःमुळे. चढ असला की माणूस वाफ सोडतो ती कापड सोडतं त्यापेक्षा जास्त. त्यातून हवाच दमट असेल तर वाफेला बाहेर जायला ओढ राहत नाही. चहाचा कप उकळता असतो आणि ग्लास गार, म्हणून तिथे जमतं. माणूस काही उकळत नाही." इथे ते जरा थांबले. "म्हणजे, थोडासा उकळतो. तुम्हाला घाम किती येतो?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. दोघं विचार करून येतो म्हणाले आणि गेले.

पुढचे काही दिवस असंच चाललं. भावोजी ज्याला त्याला घामाचं विचारू लागले. पाठीला येतो की छातीला? पिशवी पाठीवर घेता का? घेत असाल तर पाठीची हवा बंद, मग काखेवर आणि जाळीच्या खिशांवरच मदार. शर्ट सुती घालता का? मग आधी तो बदला, जॅकेट नंतर बघू. जॅकेट धुताना ते कपडे मऊ करणारं सुवासिक पाणी घालता ना? म्हणूनच वरचं कापड पाणी झटकायचं सोडून प्यायला लागलंय, आणि ते प्यायला लागलं की आतली वाफ कोंडते. नुसतं नीट धुवा, मंद आचेवर इस्त्री फिरवा, नवं कशाला घेता? एका बँकेच्या साहेबीणबाईंना त्यांनी "आपल्याला विशेष कुठे येतो?" असं अदबीने विचारलं, तशा त्या पर्स उचलून सरळ दाराबाहेर पडल्या.

मालकाचा धीर सुटला. त्याने तडक बहिणीचं घर गाठलं, म्हणजे आता भावोजी त्याला अरेतुरे करणार होते.

"भावोजी, तुम्हाला झालंय काय? पूर्वी किती छान खोटं बोलायचात!"

भावोजी जेवता जेवता थांबले. हे त्यांना लागलं. "अरे, मी खोटं बोलत नव्हतो," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. त्यात फरक आहे. डेपोत मी गाडी लागल्याचं सांगायचो ती लागलेली असायची. मी खिडकीतून बघून सांगायचो. तुझ्या दुकानात मी न बघता सांगत होतो. आता बघून आलोय, तर तू म्हणतोस परत न बघितल्यासारखं कर."

मालकाने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं. बहीण भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं की स्वयंपाक करताना तुला उकडतं का. आणि काल खिडकीची वरची झडप मोकळी करून दिली. मी काही यांना बदलायला सांगणार नाही. तूच काय ते बघ."

मेहुणा चरफडत गेला. पण जाताना वळून म्हणाला, "निदान गिऱ्हाईक पळणार नाही असं तरी सांगा."

यावर भावोजींनी विचार केला, आणि त्यांना दुकानातला जिना दिसला. मागे गोदामाकडे जाणारा, अरुंद, खडा, बिनखिडकीचा. दुसऱ्या दिवसापासून जॅकेट बघायला आलेल्याला ते सांगू लागले, "घाला आणि जरा वर जाऊन या. झिपा बंद ठेवून. आता पुन्हा, झिपा उघडून." वर ते पंखा लावून ठेवत. लोक लाल होऊन खाली येत आणि आपण होऊन सांगत, की मनगट आवळलं तर जास्त उकडतं, हे जड आहे, ते हलकं पुरेल. कुणी जॅकेट घेई, कुणी नुसती छत्री घेऊन जाई. गावात बातमी पसरली, की रेनकोटवाल्याकडे फुकटात व्यायाम मिळतो. शनिवारी जिन्याला रांग लागू लागली. आणि पूर्वी जो माल "गळतो, गळतो" म्हणून परत येई, तो यायचा थांबला, कारण तो गळत नाही हे लोकांना आधीच कळलेलं असे.

मालकाने कबूल असं काहीच केलं नाही. फक्त जिन्याला एका बाजूने कठडा बसवून घेतला. मग एका दुपारी, दुकानात कुणी नाही असं बघून, तो स्वतः जॅकेट घालून वर गेला. बराच वेळ खाली आला नाही. भावोजी बघायला गेले, तर वरच्या पायरीवर पंख्यासमोर बसलेला, दोन्ही हात डोक्यावर, डोळे मिटलेले.

"बरं वाटतंय?" भावोजींनी विचारलं.

"बोलू नका," मेहुणा म्हणाला. "वारा येतोय."

सिस्टरांबरोबर भावोजी अधूनमधून टेकडी चढत राहिले. रोज नाही. त्यांनी स्वतःसाठी एक साधं जॅकेट घेतलं आणि लोकरी बनियन दोन, दोन्ही करड्या रंगाच्या. मग थंडीच्या सुरुवातीला सिस्टरांचा गुडघा अडला आणि त्यांना त्यांच्याच जुन्या इस्पितळात ऑपरेशनसाठी दाखल व्हावं लागलं. ऑपरेशननंतर भावोजी आणि बायको भेटायला गेले, तेव्हा सिस्टर पलंगावर चिडून पडल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना पडून राहा म्हणून सांगितलं होतं. स्वतः पडून राहणं त्यांना मुळीच जमत नव्हतं.

"पाठ ओली झालीय माझी," त्या म्हणाल्या. "ताप नाही, काही नाही. नुसती ओली."

भावोजींनी चादरीचा कोपरा उचलून पाहिला. गादीवर रबराचं जाड कापड अंथरलेलं, त्यावर पातळशी चादर. त्यांनी त्या रबरावरून हात फिरवला, मग बोटात धरून चोळून पाहिलं.

"याला पापुद्राबिपुद्रा काही नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "याला भोकंच नाहीत. तुम्ही बिनझिपेच्या जॅकेटवर निजला आहात."

सिस्टर एकदम हसायला लागल्या. टाके होते म्हणून त्यांना गुडघा धरून हसावं लागलं. वॉर्डातली तरुण नर्स धावत आली. भावोजींनी तिला आपल्या डेपोतल्या आवाजात समजावून सांगितलं, की रबर राहू दे, पण त्यावर लोकरीची जाड घोंगडी आणि तिच्यावर चादर अशी घडी घाला, आणि दर थोड्या वेळाने यांना कुशीवर करा म्हणजे पाठीला वारा लागेल. शेजारच्या दोन पलंगांवरून मागणी आली, आम्हालाही. नर्सने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग घोंगड्या शोधायला गेली.

"कुशीवर करायचं मी या पोरींना शिकवलं होतं," सिस्टर कुरकुरल्या, पण वळल्या. बायकोने त्यांच्या पाठीवरची ओली बंडी काढून सुकी घातली. भावोजी तोवर पाठ करून खिडकीशी उभे राहिले आणि तिची वरची झडप उघडते का, ते पाहत राहिले. रंगाने घट्ट बसली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि कडेचा रंग हळूहळू खरवडायला घेतला.